दुसऱ्या वेळचा डेंग्यू



आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक समजूत आहे. गोवर येऊन गेला, कांजिण्या येऊन गेल्या, गालफुगी होऊन गेली की घरातील वडीलधारी मंडळी सुटकेचा निःश्वास सोडतात. ‘एकदा झाले, आता पुन्हा नाही,’ असे म्हणतात. ही समजूत निराधार नाही. गोवरासारख्या रोगांच्या बाबतीत ती अनुभवाने तावूनसुलाखून निघालेली आहे आणि लसीकरणाचे शास्त्रही याच अनुभवाच्या पायावर उभे राहिले आहे. शरीर शत्रूला एकदा ओळखते, त्याची खूण लक्षात ठेवते आणि तो पुन्हा आला तर उंबरठ्यावरच त्याला अडवते.

परंतु हा नियम सर्वच रोगांना लागू पडत नाही. पावसाळा सरत आला की शहरांतील आणि आता खेड्यांतीलही दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरून जातात. अशा वेळी एखादी माता डॉक्टरांना विचारते, ‘याला तीन वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे. आता तेवढी भीती नाही ना?’ प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. उत्तर मात्र अपेक्षेच्या नेमके उलट आहे. पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल, तर दुसऱ्या वेळी अधिक सावध राहावयास हवे. पहिल्या आजारातून शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीच दुसऱ्या आजारात रोगाच्या कामी येऊ शकते. ऐकताना हे विपरीत वाटते. वैद्यकशास्त्रालाही ते पचनी पडावयास बरीच वर्षे लागली.

याचे मूळ असे की डेंग्यूचा विषाणू एक नाही, चार आहेत. एकाच कुळातील चार भावंडे म्हणावीत असे हे चार उपप्रकार आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक बेटांवर आणि आशियात लढणाऱ्या अमेरिकन सैन्याला या तापाने जेरीस आणले होते. तेव्हा अल्बर्ट सेबिन यांच्याकडे संशोधनाचे काम सोपवण्यात आले. पोलिओची तोंडावाटे देण्याची लस ज्यांच्या नावाने जग ओळखते, तेच हे सेबिन. त्यांनी तपासलेल्या रक्तनमुन्यांत हवाई आणि न्यू गिनी येथील सैनिकांचे नमुने होते, तसे कोलकात्यात आजारी पडलेल्या सैनिकांचेही होते. कोलकात्याचा आणि हवाईचा विषाणू एकाच जातीचा निघाला. न्यू गिनीतील काही नमुने मात्र वेगळे निघाले. पुढे १९५६ मध्ये फिलिपिन्सची राजधानी मनिला येथे विल्यम हॅमन यांना आणखी दोन उपप्रकार सापडले आणि चौकडी पूर्ण झाली.

सेबिन यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. एका उपप्रकाराचा डेंग्यू झालेल्या माणसाला त्याच उपप्रकाराविरुद्ध दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, संरक्षण मिळते. दुसऱ्या उपप्रकाराविरुद्धचे संरक्षण मात्र काही महिन्यांतच ओसरते. येथपर्यंत कोणाला आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. संरक्षण ओसरले म्हणजे माणूस पुन्हा पूर्वस्थितीला आला, पाटी कोरी झाली, असेच सर्वांनी गृहीत धरले. पाटी कोरी होत नाही, तिच्यावर अर्धवट पुसलेली अक्षरे राहतात आणि तीच घात करतात, हे नंतर कळले.

त्या काळापर्यंत डेंग्यू हा हाडे मोडून काढणारा, पण सहसा जीव न घेणारा ताप म्हणून ओळखला जात असे. १९५३-५४ मध्ये मनिला येथे आणि १९५८ मध्ये बँकॉक येथे त्याचे भीषण रूप दिसले. लहान मुलांना ताप येई आणि तो उतरत असतानाच मुले थंडगार पडत, नाडी क्षीण होई, काहींना रक्तस्राव होई आणि पाहता पाहता मूल दगावत असे. आपल्या देशात असा रक्तस्रावी डेंग्यू प्रथम १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला. विषाणू तेच, डास तोच, मग रोग एवढा उग्र का झाला?

१९६० च्या दशकात बँकॉकमध्ये काम करणारे अमेरिकन वैद्यक स्कॉट हॉलस्टेड यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. रुग्णालयातील मुलांच्या नोंदी आणि रक्ताचे नमुने तपासताना त्यांना दोन गट स्पष्ट दिसले. अतिगंभीर मुलांपैकी एक वर्षावरील जवळजवळ सर्वांना हा दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू होता. ही गोष्ट लक्षणीय होतीच. पण खरी मेख दुसऱ्या गटात होती. एक वर्षाच्या आतील काही बालकेही तितकीच गंभीर होत होती आणि त्यांचा तर तो आयुष्यातील पहिलाच डेंग्यू होता. मग या तान्ह्या बालकांत आणि त्या मोठ्या मुलांत सारखे काय?

सारखेपणा मातेकडून आलेला होता. गर्भातील बालकाला आईच्या रक्तातील प्रतिपिंडे मिळतात. विषाणूला ओळखून त्याला चिकटणारे जे प्रथिन शरीर तयार करते, त्याला प्रतिपिंड म्हणतात. या बालकांच्या मातांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला होता. जन्मानंतरचे पहिले काही महिने मातेची ही देणगी बाळाचे रक्षण करीत असे. सहाव्या ते नवव्या महिन्याच्या सुमारास प्रतिपिंडे विरळ होत आणि नेमक्या त्याच वयात बालके गंभीर होताना दिसत. म्हणजे भरपूर प्रतिपिंडे असताना संरक्षण आणि ती पूर्णपणे नाहीशी झाल्यावर साधा आजार. घात होत होता तो या दोहोंमधल्या काळात.

प्रयोगशाळेत या गोष्टीचा सुगावा आधीच लागला होता. ऑस्ट्रेलियात १९६४ मध्ये रॉयल हॉक्स या शास्त्रज्ञाला असे दिसले की कोंबड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे फार पातळ करून विषाणूत मिसळली, तर विषाणू निष्प्रभ होण्याऐवजी त्याचा संसर्ग वाढतो. त्या वेळी या निरीक्षणाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. (विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. उत्तर आधी सापडते, प्रश्न मागाहून पडतो.) १९७० च्या दशकात हॉलस्टेड यांनी डेंग्यूबाबत तेच सिद्ध केले. माकडांना आधी अल्प प्रमाणात प्रतिपिंडे टोचून मग डेंग्यूचा संसर्ग घडवला, तेव्हा त्यांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतर माकडांपेक्षा वाढले. एका माकडात ते सुमारे पन्नास पटींवर गेले.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. किल्ल्याच्या तटाबाहेर फिरणारे पहारेकरी डोळ्यांसमोर आणावेत. शत्रूचा माणूस दिसला की चार-पाच पहारेकऱ्यांनी मिळून त्याला जखडायचे आणि चौकीत नेऊन तेथे त्याचा निकाल लावायचा, अशी व्यवस्था आहे. प्रतिपिंडे हे पहारेकरी आणि आपल्या रक्तातील भक्षक पेशी ही चौकी. पहिल्या डेंग्यूनंतर तयार झालेले पहारेकरी त्या उपप्रकाराला पक्के ओळखतात. दुसरा उपप्रकार आला की चेहऱ्याच्या साम्यामुळे ते त्यालाही पकडतात, परंतु पकड ढिली असते आणि पहारेकऱ्यांची संख्याही अपुरी असते. हातपाय न बांधताच ते त्याला चौकीत घेऊन जातात. आणि डेंग्यूच्या विषाणूची गंमत अशी की त्याला वाढण्यासाठी भक्षक पेशीच हवी असते. एरवी जेथे शिरकाव करण्यास त्याला प्रयास पडले असते, तेथे पहारेकऱ्यांनीच त्याला नेऊन सोडलेले असते. आत शिरताच तो मुक्तपणे वाढू लागतो.

विषाणूच्या पृष्ठभागावर एका विशिष्ट प्रथिनाच्या १८० प्रती असतात. त्यांपैकी पुरेशा जागी घट्ट चिकटलेली प्रतिपिंडे असतील तरच विषाणू निष्प्रभ होतो. थोड्याच जागी चिकटली तर तो केवळ वाहून नेला जातो. पुढील अनर्थ विषाणूंच्या वाढत्या संख्येमुळे आणि शरीराच्या बेभान प्रतिक्रियेमुळे होतो. केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, रक्तातील द्रव बाहेर पडून पोटात आणि छातीत साचतो, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब कोसळतो. या सर्व प्रक्रियेला शास्त्रज्ञ प्रतिपिंडांमुळे होणारी संसर्गवृद्धी असे म्हणतात. गंभीर डेंग्यूचे हे एकमेव कारण नव्हे. विषाणूचा वाण, रुग्णाचे वय आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. दुसऱ्या वेळचे बहुसंख्य रुग्णही योग्य देखभालीने सुखरूप बरे होतात. मात्र जे अत्यवस्थ होतात, त्यांच्यात दुसऱ्या वेळचे रुग्ण फार मोठ्या संख्येने असतात.

एखाद्या शास्त्रीय मताची परीक्षा पाहण्यासाठी मुद्दाम देश निवडावयाचा झाला असता, तर क्यूबाहून अधिक योग्य देश सापडला नसता. हे बेट आहे, तेथील आरोग्यनोंदी चोख आहेत आणि कित्येक दशके तेथे डेंग्यू जवळजवळ नव्हता. १९७७ मध्ये पहिल्या उपप्रकाराची साथ आली. लोकसंख्येचा मोठा भाग तापाने फणफणला आणि बरा झाला. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, दुसरा उपप्रकार आला आणि काही महिन्यांत ३ लाख ४४ हजार २०३ रुग्णांची नोंद झाली. १० हजार ३१२ रुग्ण गंभीर झाले. १५८ जण मरण पावले, त्यांत १०१ मुले होती. यातील एक बारकावा फार बोलका आहे. त्या वेळी एक-दोन वर्षांची असलेली, म्हणजे १९७७ ची मोठी साथ ओसरल्यावर जन्मलेली मुले गंभीर आजारातून जवळजवळ सुटली. त्यांच्या रक्तात जुन्या साथीची आठवणच नव्हती.

यानंतर क्यूबाने डासांविरुद्ध असे काही युद्ध पुकारले की सोळा वर्षे तेथे डेंग्यूचा प्रसार थांबला. १९९७ मध्ये तो सान्तियागो शहरात पुन्हा शिरला. या वेळीही दुसराच उपप्रकार होता. गुस्ताव्हो कोउरी आणि मारिया ग्वादालुपे गुसमान यांच्या चमूने प्रत्येक गंभीर रुग्णाचा इतिहास तपासला. सर्व गंभीर रुग्ण प्रौढ होते. मुलांना संसर्ग होत होता, पण ती अत्यवस्थ होत नव्हती, कारण १९७७ ची साथ त्यांनी पाहिलीच नव्हती. वीस वर्षांपूर्वीच्या, कित्येकांना आठवतही नसलेल्या तापाचा हिशेब शरीराने आता चुकता केला होता. तितकेच नव्हे, तर सारख्या वयोगटांची तुलना केली असता चार वर्षांच्या अंतराने आलेल्या दुसऱ्या आजारापेक्षा वीस वर्षांच्या अंतराने आलेला आजार अधिक घातक ठरला होता. ‘आता खूप वर्षे झाली, त्याचा काय संबंध?’ असे म्हणणाऱ्यांनी सान्तियागोचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तरीही शंकेखोर होतेच, आणि विज्ञानात ते असावेतही. त्यांचे म्हणणे असे की हे सारे अनुमान आहे, आजारी पडण्यापूर्वी रक्तात किती प्रतिपिंडे होती ते कोणी मोजले आहे? ते काम निकाराग्वा देशाची राजधानी मानाग्वा येथे झाले. तेथील हजारो मुलांच्या रक्ताचे नमुने दरवर्षी घेऊन जपून ठेवले गेले. लिया कात्झेलनिक, एवा हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या मुलांच्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण एका मधल्या पट्ट्यात होते, त्यांना गंभीर डेंग्यू होण्याचा धोका प्रतिपिंडे मुळीच नसलेल्या मुलांच्या तुलनेत साडेसात पटींहून अधिक होता. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर होती, ती मुले सुरक्षित होती. बँकॉकच्या तान्ह्या बालकांनी जे सुचवले होते, तेच येथे मोजमापाने सिद्ध झाले. याच चमूने २०२० मध्ये दाखवून दिले की डेंग्यूचा चुलतभाऊ असलेल्या झिका विषाणूचा संसर्ग होऊन गेला असेल, तरी पुढील डेंग्यूचा धोका वाढतो.

आता या विषयाच्या सर्वांत दुःखद प्रकरणाकडे वळले पाहिजे. लस म्हणजे शरीराला रोगाची दिलेली सौम्य तोंडओळख. मग डेंग्यूची लस, ज्याला कधीच डेंग्यू झालेला नाही अशा मुलाला दिली तर काय होईल? ती लस चारही उपप्रकारांविरुद्ध सारखीच समर्थ नसेल तर त्या मुलाच्या शरीराच्या दृष्टीने लस हाच पहिला डेंग्यू ठरेल, आणि पुढे डासाने आणलेला पहिला खरा डेंग्यू हा दुसरा!

फ्रान्सच्या सनोफी पाश्चर या कंपनीची डेंग्व्हॅक्सिया ही लस डिसेंबर २०१५ मध्ये प्रथम मेक्सिकोत मान्य झाली. आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील तीस हजारांहून अधिक मुलांवर तिच्या चाचण्या झाल्या होत्या. परंतु लस टोचण्यापूर्वी रक्ताचा नमुना मुलांच्या एका छोट्या गटाकडूनच घेतला गेला होता. त्यामुळे कोणाला आधी डेंग्यू होऊन गेला होता आणि कोणाला नाही, हे बहुतेकांच्या बाबतीत माहीत नव्हते. आशियातील चाचणीच्या तिसऱ्या वर्षी दोन ते पाच वर्षांच्या लसीकृत मुलांत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा अधिक दिसले. याचा अर्थ लावताना वयाकडे बोट दाखवले गेले आणि नऊ वर्षांवरील मुलांसाठी लस योग्य ठरवण्यात आली. खरे कारण वय नसून पूर्वी न झालेला डेंग्यू हे असू शकते, असा इशारा हॉलस्टेड यांनी त्याच सुमारास दिला होता. फिलिपिन्समधीलही काही जाणत्या वैद्यकांनी घाई करू नये असे सांगितले होते.

एप्रिल २०१६ मध्ये फिलिपिन्स सरकारने शाळांतून ही लस देण्यास प्रारंभ केला. आठ लाखांहून अधिक मुलांना ती दिली गेली. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी कंपनीने स्वतःच जाहीर केले की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही, त्यांना या लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. देशात आगडोंब उसळला. आपले मूल यांपैकी कोणत्या गटात, हे एकाही मातापित्याला सांगता येत नव्हते, कारण कोणाचेही रक्त आधी तपासलेले नव्हते. कार्यक्रम थांबवण्यात आला, मुलांच्या मृत्यूंचे खापर लसीवर फोडले गेले, खटले दाखल झाले. २०१९ मध्ये लसीचा परवाना रद्द झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने नंतर मांडलेला हिशेब शांतपणे पाहिला पाहिजे. जेथे सत्तर टक्के लोकांना आधी डेंग्यू होऊन गेला आहे, अशा प्रदेशात या लसीमुळे गंभीर डेंग्यूचे चार रुग्ण टळत आणि त्यामागे एक जास्तीचा गंभीर रुग्ण निर्माण होई. केवळ बेरीज-वजाबाकी केली तर लस लाभाचीच ठरते. परंतु जे चार वाचले ते कोण, हे कोणालाच दिसत नाही आणि जो एक अत्यवस्थ झाला तो कोणाच्या तरी घरातील असतो. निरोगी मुलाला शाळेत रांगेत उभे करून टोचावयाच्या औषधाला हा हिशेब पुरत नाही. म्हणूनच रक्त तपासून पूर्वी डेंग्यू झाल्याचे सिद्ध झालेल्यांनाच ही लस द्यावी, असे २०१८ मध्ये त्या संघटनेने सांगितले. आधी तपासणी, मग लस, ही अट व्यवहारात जड गेली आणि पुढे मागणीअभावी कंपनीने उत्पादनही आवरते घेतले.

या प्रकरणाची खरी किंमत मात्र डेंग्यूच्या बाहेर मोजावी लागली. लस महत्त्वाची आहे असे ठामपणे मानणारे लोक फिलिपिन्समध्ये एका पाहणीनुसार २०१५ मध्ये ९३ टक्के होते. २०१८ मध्ये ते ३२ टक्क्यांवर आले. २०१९ मध्ये तेथे गोवराची मोठी साथ आली आणि शेकडो जीव गेले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. त्याच वर्षी पोलिओही परतला. गोवराच्या लसीचा या साऱ्याशी काडीचाही संबंध नव्हता. ती निर्धोक होती, आहे. पण विश्वास एकदा तडकला की तो लसीलसींत भेद करीत बसत नाही.

तेव्हा हा विषय समाजात मांडताना तारतम्य सुटता कामा नये. प्रतिकारशक्तीमुळे आजार बळावण्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात मोजकी आहेत. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत श्वसनमार्गाच्या एका विषाणूविरुद्धची लस बालकांना दिली असता नंतरचा आजार बळावला आणि दोन बालके दगावली. त्यामागील यंत्रणा डेंग्यूहून निराळी होती. त्या धड्यानंतर लसींच्या चाचण्या अधिक कडक झाल्या. २०२० मध्ये कोरोनाची लस येण्यापूर्वी हीच भीती शास्त्रज्ञांनी स्वतःहून पुढे मांडली, त्या दृष्टीने कसून तपास केला आणि ती प्रत्यक्षात उतरली नाही. डेंग्यूचे उदाहरण पुढे करून बालकांच्या नेहमीच्या लसी टाळा असे सांगणारा माणूस अज्ञानी तरी असतो किंवा खोडसाळ तरी.

भारताच्या दृष्टीने या साऱ्याचे महत्त्व किती, हे एका पाहणीने स्पष्ट केले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७-१८ मध्ये १५ राज्यांतील १२ हजारांहून अधिक व्यक्तींचे रक्त तपासले. ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात पूर्वी डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. पाच ते आठ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २८.३ टक्के होते, नऊ ते सतरा वयोगटात ४१ टक्के आणि अठरा ते पंचेचाळीस वयोगटात ५६.२ टक्के. दक्षिण भारतात ते ७६.९ टक्के होते आणि ज्यात महाराष्ट्र येतो त्या पश्चिम विभागात ६२.३ टक्के. यांतील पुष्कळांना आपल्याला डेंग्यू होऊन गेल्याचा पत्ताही नसेल, कारण पहिला संसर्ग अनेकदा किरकोळ तापावर निभावतो किंवा जाणवतही नाही. म्हणजे देशाची जवळजवळ अर्धी लोकसंख्या दुसऱ्या वेळच्या डेंग्यूच्या वाटेवर उभी आहे आणि उरलेली अर्धी पहिल्याच्या. आपल्याकडे चारही उपप्रकार फिरत असतात आणि त्यांचा जोर वर्षागणिक बदलतो. दिल्लीत १९९६ मध्ये दुसऱ्या उपप्रकाराची साथ आली, तीत १० हजार २५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले. पुढे २००३ मध्ये त्याच शहरात तिसऱ्याचे प्राबल्य होते.

म्हणूनच भारतासाठी लस हवी ती चारही उपप्रकारांना सारख्याच ताकदीने रोखणारी, आणि पूर्वी डेंग्यू न झालेल्यांनाही निर्धोक असलेली. जपानच्या ताकेदा कंपनीच्या लसीला इंडोनेशिया आणि युरोपात २०२२ मध्ये मान्यता मिळाली. परंतु पूर्वी डेंग्यू न झालेल्यांत तिसऱ्या आणि चौथ्या उपप्रकारांविरुद्ध ती किती उपयोगी, याविषयी पुरेसा पुरावा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत विकसित झालेल्या विषाणूंवर आधारित लस पॅनासिया बायोटेक या भारतीय कंपनीने तयार केली आहे. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत पहिल्या स्वयंसेवकाला ऑगस्ट २०२४ मध्ये हरियाणातील रोहतक येथे लस देण्यात आली. १८ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील १९ केंद्रांवर १० हजार ३३५ प्रौढ व्यक्तींचा सहभाग आणि दोन वर्षांचा पाठपुरावा, अशी या चाचणीची आखणी झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही त्याच मूळ विषाणूंवर काम हाती घेतले. अशा कामात उतावीळपणा नको. दोन वर्षे थांबणे म्हणजे दिरंगाई नव्हे, हे फिलिपिन्सच्या मातापित्यांनी फार मोठी किंमत देऊन जगाला दाखवले आहे.

लस येईल तेव्हा येईल. तोपर्यंत घरातील जाणत्या माणसाने काही गोष्टी मनात पक्क्या धरल्या पाहिजेत. डेंग्यूच्या तपासणीच्या कागदावर तीन ओळी असतात: एनएस-वन, आयजीएम आणि आयजीजी. पहिली विषाणूची खूण, दुसरी नव्या संसर्गाची आणि तिसरी सहसा जुन्या ओळखीची. तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच आयजीजी ठळकपणे आढळले, तर हा दुसऱ्या वेळचा डेंग्यू असण्याची शक्यता मोठी असते. झटपट निदानाच्या पट्टीवर सर्वस्वी विसंबू नये. एलायझा पद्धतीची चाचणी अधिक भरवशाची असते, आणि देशभरातील सरकारी निदान केंद्रांना त्या चाचणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था पुरवते. निदान झाल्यावर तो कागद रद्दीत न टाकता जपून ठेवावा. मुलीचे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, मुलगा शिक्षणासाठी परगावी राहिला, तरी त्यांच्यासोबत ही नोंद जावी. पुढील डॉक्टरांना ती फार मोलाची ठरेल. पूर्वी डेंग्यू झालेल्या मातेचे सहा ते बारा महिन्यांचे बाळ साथीच्या दिवसांत तापले, तर घरगुती उपचारांत वेळ दवडू नये.

सर्वांत मोठी फसगत होते ती ताप उतरताना. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि केशवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोकाही त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत असतो. पोटात तीव्र वेदना, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, मुलाची विलक्षण तळमळ किंवा सुस्ती, यांपैकी काहीही दिसले की तत्काळ रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज अन्य वेदनाशामक, विशेषतः ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, परस्पर देऊ नये.

येथे रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या आणि रात्री-अपरात्री रक्तपेढीकडे धावणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. प्लेटलेटचा आकडा खाली आला की नातेवाईक धास्तावतात आणि पिशव्यांसाठी शहरभर दूरध्वनी सुरू होतात. परंतु रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट देण्याने लाभ होतो असे दिसलेले नाही. प्राण जातो तो प्रामुख्याने द्रव झिरपल्याने, आणि वाचतो तो मोजूनमापून, वेळेवर दिलेल्या सलाइनने. पपईच्या पानांच्या रसाची चर्चा घरोघरी चालते. त्या रसाने हे झिरपणे थांबत नाही, हे ध्यानात ठेवून रुग्णालयात जाण्यास विलंब होऊ देऊ नये.

उरला तो डास. एडिस हा दिवसा चावतो आणि गटारापेक्षा घरातील स्वच्छ पाण्यात अधिक रमतो. पिंप, रांजण, हौद, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागील ताटली, गच्चीवरचे जुने टायर ही त्याची घरे. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ अनेक वस्त्यांत पाळला जातो, तो वर्षभर पाळला गेला पाहिजे. नुसते पाणी ओतून देणे मात्र पुरेसे नसते. या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून पिंप रिकामे केल्यावर त्याच्या आतील कडा काथ्याने किंवा ब्रशाने खसखसून घासाव्यात, उन्हात वाळवाव्यात आणि मगच त्यात पाणी भरून वर घट्ट झाकण किंवा फडके बांधावे.